नाव सांगायलाच पाहिजे का?

सुरुवातीलाच सांगून टाकते. हा लेख ज्या माणसाबद्दल आहे त्याचं खरं नाव यात कुठेही सापडणार नाही. ते मला माहीत आहे, तुम्हालाही नेटवर अर्ध्या मिनिटात कळेल, आणि त्याने स्वतःच ते २००८ साली जाहीर केलंय, त्यामुळे गुपित असं काही उरलेलं नाही. तरी मी लिहिणार नाही. आपण त्याला रेकॉर्डवर छापलेल्या नावानेच ओळखू या. बरिअल. म्हणजे दफन. (आई म्हणाली, "शी! गाणाऱ्याचं हे कसलं गं नाव?" आई, तो गात नाही. तो ट्रॅक बनवतो.)

इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हणजे गॅदरिंगच्या डीजे नाइटला वाजतं ते, एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं बॅकग्राउंड. हाऊस म्युझिक ८० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोत जन्माला आलं. तिथे वेअरहाऊस नावाचा क्लब होता, फ्रँकी नकल्स नावाचा डीजे तिथे रेकॉर्ड्स वाजवायचा, आणि त्या क्लबच्या नावातलं 'हाऊस' या म्युझिकला चिकटलं असं सांगतात. ड्रम मशीनवर चारही मात्रांना किक, धड धड धड धड, आणि बाकी सगळं त्याच्यावर. डोळे मिटले तरी पाय चुकत नाही. पुढे हेच म्युझिक लंडनला पोचलं, तिथल्या पोरांनी वेग वाढवला, मधल्या काही किक काढून टाकल्या, ठेका मुद्दाम लंगडा केला आणि त्यातून यूके गराज तयार झालं. बरिअल त्या घरातला. शुद्ध हाऊसवाले त्याला आपला म्हणणार नाहीत, पण नातवंड नक्कीच आहे.

तो साउथ लंडनचा. मोठ्या भावाकडून रेव्ह पार्ट्यांच्या गोष्टी आणि जंगल म्युझिकच्या टेप्स ऐकत वाढला. गंमत म्हणजे ज्या रेव्हची आठवण त्याच्या प्रत्येक ट्रॅकमध्ये येते, तशा रेव्हला तो स्वतः कधी गेलाच नव्हता, असं त्याने मुलाखतीत सांगितलं आहे. घरी बसून ट्रॅक बनवायचा आणि सीडी करून स्टीव्ह गुडमनला पाठवायचा. हा गुडमन म्हणजे कोड नाइन, स्वतः डीजे, युनिव्हर्सिटीत शिकवणारा माणूस आणि हायपरडब या छोट्या लेबलचा मालक. २००५ साली हायपरडबने बरिअलचा पहिला ईपी काढला, २००६ साली 'बरिअल' याच नावाचा अल्बम. 'द वायर' नावाचं ब्रिटिश म्युझिक मासिक आहे, जाम खडूस, सहजासहजी कुणाला चांगलं म्हणत नाही. त्यांनी या अल्बमला वर्षातला सर्वोत्तम ठरवलं. नोव्हेंबर २००७ मध्ये दुसरा अल्बम आला, 'अनट्रू'. तोपर्यंत त्याचा एकही फोटो नाही, एकही लाइव्ह शो नाही. घरच्यांव्यतिरिक्त जेमतेम पाच जणांना माहीत आहे की मी हे करतो, असं तो त्या वर्षी म्हणाला होता.

आता आपल्या कामाचा भाग. तो हे बनवायचा कसा? हल्ली म्युझिक बनवणारे सीक्वेन्सर वापरतात. स्क्रीनवर चौकटी असतात, किक इथे, स्नेअर तिथे, आणि काही चुकलं तर सॉफ्टवेअर सगळं ओढून ग्रिडवर आणतं. बरिअलने हे दोन्ही अल्बम साउंड फोर्जवर केले. साउंड फोर्ज हा नुसता वेव्हफॉर्म एडिटर आहे. आवाजाची फाईल उघडायची, कापायची, चिकटवायची. त्यात असा ताल धरून देणारी ग्रिड नसायची. म्हणजे लॅबमध्ये आपण सीआरओवर वेव्हफॉर्म बघतो, तसा हा माणूस स्क्रीनवरच्या आकृतीकडे बघून एकेक ठोका डोळ्यांनी जागेवर बसवायचा. ड्रम्स माशाच्या काट्यासारखे दिसले की ट्रॅक बरा झाला असं समजायचं, अशी त्याची टेस्ट! मी हे वाचलं तेव्हा हसले. नंतर 'आर्केंजल' हा ट्रॅक त्याच सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनमध्ये उघडून बघितला, आणि खरंच, काटा दिसतो.

ठोके डोळ्यांनी बसवले की ते थोडे मागेपुढे होतात. तबलजी जसा कधी मात्रा किंचित ओढतो, तसे. मशीनचं म्युझिक असून ते श्वास घेतल्यासारखं वाटतं ते यामुळे. बाकी आवाजही घरगुती: पाऊस, रेकॉर्डची खरखर, व्हिडिओ गेममधले खटके. गाणारे आवाज दुसऱ्यांच्या गाण्यातले, पिच इतका बदललेला की मुलगा गातोय की मुलगी कळत नाही. 'आर्केंजल'मध्ये रे जे या अमेरिकन गायकाच्या एका गाण्याचे तुकडे आहेत, ते ओळखून दाखवलं तर माझ्याकडून मेसवर स्पेशल चहा. ट्रॅक झाला की तो रात्री गाडीत लावून लंडनमधून फिरायचा आणि बरोबर वाटतोय का बघायचा. पहिल्या अल्बममध्ये 'नाइट बस' नावाचा ट्रॅक आहे, दुसऱ्यात 'इन मॅकडोनाल्ड्स'. शेवटची बस, उघडं असलेलं एकच दुकान. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

मग २००८. फेब्रुवारीत लंडनच्या 'द इंडिपेंडंट' या पेपरने त्याचं खरं नाव आणि शाळेसकट बातमी छापली. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. जुलैमध्ये 'अनट्रू'ला मर्क्युरी प्राइझचं नॉमिनेशन मिळालं आणि चक्र फिरलं. (प्राइझ शेवटी एल्बो या बँडला मिळालं.) 'द सन' या टॅब्लॉइडने त्याला शोधून काढायची मोहीमच उघडली. तो फॅटबॉय स्लिम आहे, नाही, तो अॅफेक्स ट्विन आहे, अशा अफवा आधीपासून होत्याच. हे दोघंही मोठे स्टार. म्हणजे लोकांचं लॉजिक असं की इतकं चांगलं काम कुणी साधा माणूस करूच शकत नाही, हा नक्की कुणीतरी सेलिब्रिटी वेशांतर करून आलाय! ऑगस्टमध्ये त्याने कंटाळून मायस्पेसवर स्वतःचा एक फोटो टाकला, नाव सांगितलं, मी शांत माणूस आहे आणि मला फक्त ट्रॅक बनवायचे आहेत एवढं लिहिलं, आणि परत गायब.

या ठिकाणी मला राग येतो. कुणाचं नुकसान झालं होतं? त्याने कुणाचे पैसे बुडवले नव्हते, कुणाला शिवी दिली नव्हती. एक माणूस म्हणतो, माझं काम घ्या, मला सोडा. आणि लाखांनी खपणारा पेपर म्हणतो, छे, आम्हाला चेहरा पाहिजे. चेहरा बघून कुठला ट्रॅक जास्त चांगला ऐकू आला, ते मला कुणीतरी सांगा.

यावर माझी रूममेट म्हणते, "अगं, नाव लपवणं हीच त्याची पब्लिसिटी होती." मुद्दा खोटा नाही. गूढ विकतं. मार्शमेलोचं हेल्मेट, डाफ्ट पंकचे रोबोट हे चेहऱ्यापेक्षा मोठे लोगो झाले. हेल्मेट घालून स्टेडियम भरवायचं याला मी निनावी म्हणत नाही, तो युनिफॉर्म आहे. पण बरिअलने स्टेडियम भरवलं नाही. आजतागायत तो रेकॉर्ड काढतो आणि घरी बसतो. २०११ पासून बहुतेक लहान लहान ईपी, कधी फोर टेटबरोबर, कधी थॉम यॉर्कबरोबर. सगळंच भारी आहे असं नाही. २०२२ चं 'अँटिडॉन' मी तीनदा ऐकलं, ड्रम्स जवळजवळ नाहीतच, आणि तिन्ही वेळा मला झोप लागली. पण पब्लिसिटीसाठी नाव लपवणारा माणूस असं रेकॉर्ड काढणार नाही.

अॅफेक्स ट्विनवरून आठवलं. ही अफवा आणखी एका माणसाबद्दल उठली होती आणि तो आपल्या मुंबईचा होता. चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार, बेस, सिंथेसायझर वाजवणारे. १९८२ साली त्यांनी एचएमव्हीसाठी एक एलपी केली, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तेव्हा बाजारात नव्या आलेल्या रोलंडच्या मशीन्स, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, एकत्र जोडून त्यावर दहा राग. रेकॉर्ड चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपने त्याच टीबी-३०३ मधून 'अॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि अॅसिड हाऊस नावाचा प्रकार सुरू झाला. चरणजित सिंगांची एलपी एका डच संग्राहकाच्या हाती लागली आणि २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातल्या पुष्कळांना वाटलं ही बनवाबनवी आहे, हा अॅफेक्स ट्विनचाच खोडसाळपणा असणार! १९८२ साली मुंबईत कुणी हे केलं असेल यावर विश्वासच बसेना.

बघा हं काय झालं. एकाने नाव लपवलं, तर अॅफेक्स ट्विन. दुसऱ्याने रेकॉर्डवर स्वतःचं नाव ठसठशीत छापलं, तरी अॅफेक्स ट्विन. बरिअल निनावी राहिला कारण त्याला राहायचं होतं. चरणजित सिंग आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवत राहिले, त्या काळी सिनेमाच्या रेकॉर्डवर वादकांची नावं कोण छापणार? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शेवटच्या काही वर्षांत त्यांना युरोपातल्या स्टेजवर बोलावलं गेलं. २०१५ साली ते मुंबईत वारले.

शिकागोची गोष्ट तर आणखी वाईट. हाऊस म्युझिक ज्यांनी बनवलं ती बहुतेक काळी, गरीब घरातली पोरं होती. लॅरी हर्डचा १९८६ चा 'कॅन यू फील इट' जगभर वाजला, आजही वाजतो. त्याला आणि गायक रॉबर्ट ओवेन्सला आपल्याच जुन्या गाण्यांच्या रॉयल्टीसाठी ट्रॅक्स रेकॉर्ड्स या कंपनीवर २०२० साली कोर्टात जावं लागलं. २०२२ मध्ये समझोता झाला, तेव्हा कुठे गाण्यांचे हक्क त्यांच्याकडे परत आले. छत्तीस वर्षं! यांना कुणी म्हणालं असतं की "अरे, नाव-बिव सोड, काम महत्त्वाचं", तर ते ऐकणाऱ्याच्या कानाखाली वाजवण्यासारखं झालं असतं.

म्हणून मला वाटतं आपण दोन गोष्टींची भेळ करतो. आपल्या कामाचं श्रेय आणि पैसे मिळणं ही एक गोष्ट. आपला चेहरा चारचौघांत न फिरवणं ही वेगळी. पहिली काढून घेतली तर ती चोरी. दुसरी ज्याची त्याने ठरवायची. बरिअलला दोन्ही मिळालं, कारण मध्ये कोड नाइन होता. त्याला नाव माहीत होतं, पत्ता माहीत होता, काही भानगड झाली असती तर जाब द्यायला रेकॉर्डवर हायपरडबचं नाव होतं. आणि त्याने तोंड उघडलं नाही. या गोष्टीत मला बरिअलइतकाच हा माणूस आवडतो.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे 'अनॉनिमस'ला मराठी शब्द कोणता म्हणून मी चार जणांना विचारलं. वॉर्डनबाई म्हणाल्या 'निनावी', म्हणजे निनावी पत्र, निनावी तक्रार, निनावी फोन आला की पोलीस येतात. मेसचे काका म्हणाले 'गुमनाम'. मराठी सेक्शनच्या मॅडम म्हणाल्या 'अनामिक', तो कवितेतला. एकही शब्द असा नाही ज्याचा अर्थ नुसता 'नाव सांगायचं नाहीये, बस' असा होईल. एक तर संशय, नाहीतर चांदणं.

संशयाला कारण आहे, मला मान्य आहे. गेल्या वर्षी एका कन्फेशन पेजवर मुलींच्या हॉस्टेलबद्दल जे लिहिलं गेलं ते ज्यांनी वाचलं त्यांना आठवत असेल. त्यातल्या एका मुलीने पंधरा दिवस मेसमध्ये येणं सोडलं होतं. पण तिथे नुसता लिहिणारा निनावी नव्हता, ते पेज चालवणारासुद्धा निनावी होता. जाब विचारायला मध्ये कुणीच नाही. फरक तो आहे.

आणि याच विषयावर बरिअलचं म्हणणं काय, तेही ऐका. डिसेंबर २०१३ मध्ये त्याचा 'रायव्हल डीलर' आला, आणि एरवी गप्प असणाऱ्या या माणसाने बीबीसी रेडिओच्या मेरी अॅन हॉब्स यांना एक मेसेज पाठवला, तो त्यांनी वाचून दाखवला. हे ट्रॅक दादागिरीच्या, छळाच्या विरोधात आहेत, कुणाला तरी स्वतःवर विश्वास ठेवायला याने मदत व्हावी, असा त्याचा अर्थ होता. त्या रेकॉर्डमध्ये लाना वाचोव्स्कींच्या २०१२ च्या एका भाषणातले तुकडे आहेत. 'मॅट्रिक्स' बनवणाऱ्या दोघांपैकी या एक. वर्षानुवर्षं त्या प्रेसपासून लांब राहिल्या होत्या, आणि या भाषणात त्या ट्रान्स स्त्री म्हणून सगळ्यांसमोर बोलल्या. आपलं खाजगीपण आपल्याला किती प्रिय होतं तेही त्यांनी सांगितलं. लहानपणी त्यांना आपल्यासारखं कुणी दिसलं नव्हतं, पुढच्या कुणाला तरी ते दिसावं म्हणून त्या पुढे आल्या. म्हणजे नाव आणि चेहरा घेऊन पुढे येण्याने फार मोठं काम होतं, हे बरिअललाही कळतंच. फक्त त्यांनी ते स्वतः ठरवलं होतं, कुठल्या पेपरने मोहीम उघडून नाही.

आता आपल्या अंकाबद्दल. या वर्षी मासिकाच्या कमिटीने नियम केला की प्रत्येक लेखाबरोबर नाव, ब्रँच, वर्ष आणि पासपोर्ट साइझ फोटो पाहिजे, नाहीतर लेख घ्यायचा नाही. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, "निनावी काही छापलं तर जबाबदारी कोणाची?" प्रश्न बरोबर आहे. पण या नियमामुळे मराठी सेक्शनकडे आलेला एक लेख बाहेर राहिला. मी तो वाचलाय. हॉस्टेलवरच्याच कुणीतरी लिहिलेला, हाताने, दोन्ही बाजूंनी. बारावीपर्यंत मराठी मीडियम, इथे आल्यावर पहिल्या व्हायवात एक्स्टर्नलने इंग्लिशमध्ये विचारलं आणि उत्तर येत असून तोंडातून शब्द फुटला नाही, मग दुसरा व्हायवा, मग केटी, मग घरी फोनवर खोटं बोलणं. त्यात कुणावर आरोप नाही, कुणाचं नाव नाही. खाली सहीच्या जागी फक्त एक रेघ. माझ्यासारखीला, जिला इंग्लिशचं टेन्शन कधी आलंच नाही, तो वाचताना घाम फुटला. असं लिहिणारा मुलगा किंवा मुलगी खाली फोटो चिकटवेल, ही अपेक्षा करणाऱ्यांनी तो लेख एकदा वाचावा.

'नाव द्यायची हिंमत नाही तर लिहू नये' असं म्हणणाऱ्या सरांना एवढंच विचारते की १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलं नसतं, तर ते आलं असतं का? तेव्हाही ही बाई कोण म्हणून गदारोळ झाला होता. मालतीबाई बेडेकरांना हिंमत नव्हती असं म्हणायची हिंमत माझ्यात तरी नाही.

माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या अंकापासून ज्याला नाव छापायचं नाही त्याने ते बंद पाकिटात घालून मराठी सेक्शनच्या मॅडमकडे द्यावं. लेखावरून काही प्रॉब्लेम झाला तरच पाकीट उघडायचं. नाही झाला तर अंक निघाल्यावर फाडायचं. जबाबदारीचा प्रश्न सुटला. मॅडमना मी विचारलं आहे, त्या तयार आहेत. कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय मी मांडणार आहे, ज्यांना पटतंय त्यांनी यावं, ज्यांना पटत नाही त्यांनी तर नक्कीच यावं. आणि ज्याने किंवा जिने तो दोन्ही बाजूंनी लिहिलेला लेख दिला होता, तुझे कागद माझ्याकडे सुरक्षित आहेत. साडेतीन पानं होतील, मी टाइप करून ठेवलाय. पाकीटही माझ्याकडे आहे.